दिवस राहू नयेत आणि आजारही लागू नये: सीमाभागातील जोडप्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

काही वर्षांपूर्वी निपाणी तालुक्यातल्या एका आरोग्य शिबिरात एक बाई माला-एन या गर्भनिरोधक गोळ्यांची दोन अर्धवट पाकिटे पदराआड धरून माझ्यासमोर बसल्या होत्या. नवरा ट्रकवर, महिन्यातून दोनदा एखाद्या रात्रीपुरता घरी येणारा, आणि तो येईल त्या रात्रीच त्या एक गोळी घेत असत. पाळी चुकून सात आठवडे झाले होते. गोळ्या देताना कन्नडमधून घाईघाईने जे सांगितले गेले ते त्यांना अर्धेच कळले होते आणि ‘समजलं ना?’ याला त्यांनी मान हलवली होती. बोलता बोलता असेही निघाले की चार महिन्यांपासून त्यांना लघवीला जळजळ होत होती आणि ओटीपोटात दुखत होते; पण त्या कुटुंब नियोजनाच्या रांगेत उभ्या होत्या, म्हणून ते कुणी विचारले नव्हते आणि त्यांनीही सांगितले नव्हते.

त्या बाईंना तेव्हा जे कळायला हवे होते, ते बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यातल्या आपल्या वाचकांसाठी इथे क्रमाने मांडत आहे.

आधी दोन प्रश्न वेगळे करा

दिवस राहू नयेत हा एक प्रश्न आहे आणि शरीरसंबंधातून आजार लागू नये हा दुसरा. माला-एन आणि छाया या गोळ्या, अंतरा हे इंजेक्शन, तांबी (कॉपर-टी), नसबंदी ही सगळी साधने पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतात. दुसऱ्या प्रश्नाशी त्यांचा काहीही संबंध नाही. तांबी बसवलेल्या स्त्रीला परमा (गनोरिया) होऊ शकतो, नसबंदी झालेल्या पुरुषाकडून एचआयव्हीची लागण होऊ शकते. दोन्ही कामे एकाच वेळी करणारे साधन एकच आहे, ते म्हणजे निरोध. म्हणून दवाखान्यात जाण्यापूर्वी स्वतःशी दोन गोष्टी ठरवा: मूल कधी हवे आहे (वर्षभरात, तीनचार वर्षांनी, की आता मुळीच नको), आणि दोघांपैकी कुणालाही आजाराची लागण झालेली असण्याची शक्यता आहे का. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘असू शकेल’ किंवा ‘सांगता येत नाही’ असे असेल, तर दुसरे कोणतेही साधन घेतले तरी त्याच्या जोडीला निरोध वापरावा आणि दोघांनीही तपासणी करून घ्यावी.

या विषयाची लाज आपल्याकडे जुनी आहे, तसे त्यावर उघडपणे बोलणेही जुने आहे. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले तेव्हा बेळगाव मुंबई इलाख्यातच होते, आणि १९३० साली म्हैसूर संस्थानाने सरकारी खर्चाने संततिनियमनाचे दवाखाने उघडले, जे जगातले अशा प्रकारचे पहिले सरकारी दवाखाने मानले जातात. सीमाभागातल्या माणसाकडे हे दोन्ही वारसे चालत आले आहेत.

कुठे जायचे आणि काय सांगायचे

गावातील आशाताईंकडे निरोध, गोळ्या आणि तातडीची गोळी मिळते. अंतराचे इंजेक्शन आणि तांबी यांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात जावे लागते, आणि नसबंदीची तारीखही तिथूनच मिळते. सरकारी दवाखान्यात ही साधने मोफत आहेत. एचआयव्हीची तपासणी आणि समुपदेशनही सरकारी दवाखान्यातील तपासणी केंद्रात मोफत होते, आणि बेळगावच्या सिव्हिल हॉस्पिटलात एचआयव्हीच्या औषधोपचाराचे केंद्र आहे.

भाषेची अडचण खरी आहे, पण ती वाटते तेवढी मोठी नाही. दवाखाने, गुळिगे, सूजी, रक्त तपासणे हे कन्नड शब्द आपल्या कानावरचेच आहेत, आणि आपल्या भागातल्या बहुतेक सिस्टर, आशाताई थोडीफार मराठी बोलतात. कळले नाही तर मान हलवू नका. ‘सावकाश सांगा, मराठीत सांगा’ असे म्हणा आणि ऐकलेले स्वतःच्या शब्दांत परत म्हणून दाखवा. गोळी कधी सुरू करायची, चुकली तर काय करायचे, कोणता त्रास झाला तर लगेच यायचे आणि पुढची तारीख कोणती, या चार गोष्टी कागदावर मराठीत लिहून घेतल्याशिवाय उठू नये. सासूबाई किंवा नवरा बरोबर असताना बोलता येत नसेल, तर ‘मला एकटीला बोलायचे आहे’ असे सिस्टरांना सांगण्याचा तुम्हाला हक्क आहे.

निरोध: सोपे साधन, पण रीत पाळली तरच

निरोधबद्दल मी मुद्दाम जास्त लिहीत आहे, कारण ‘निरोध वापरूनही दिवस राहिले’ ही तक्रार सतत ऐकू येते. प्रत्येक वेळी आणि बिनचूक वापरला तर वर्षभरात शंभरातील सुमारे दोन जोडप्यांनाच दिवस राहतात. प्रत्यक्षात लोक जसा वापरतात तसा वापरला तर हा आकडा तेराच्या आसपास जातो. हा सगळा फरक वापरण्याच्या रीतीतला आहे.

पाकिटावरची मुदत पाहा. मग पाकीट दोन बोटांत हलकेच दाबा. आत हवेचा फुगवटा जाणवला तर पाकीट शाबूत आहे, फुगवटा नसेल तर ते टाकून द्या. स्कूटरच्या डिकीत, ट्रकच्या डॅशबोर्डवर किंवा महिनोन्‌महिने खिशातल्या पाकिटात ठेवलेला निरोध उन्हाने आणि घर्षणाने कमकुवत होतो, म्हणून तो घरात सावलीच्या, कोरड्या जागी ठेवावा. पाकीट कडेच्या खाचेवरून हाताने फाडा, दात किंवा कात्री लावू नका. लिंग ताठ झाल्यावर आणि योनीला, गुदद्वाराला किंवा तोंडाला स्पर्श होण्यापूर्वीच तो चढवायचा असतो; शेवटच्या क्षणी चढवला तर आधी येणाऱ्या स्रावातून आजार लागू शकतो आणि क्वचित दिवसही राहू शकतात. टोकाची छोटी पिशवी चिमटीत धरून त्यातली हवा काढा आणि गुंडाळी बाहेरच्या बाजूला आहे याची खात्री करून तो मुळापर्यंत उलगडा. उलटा लागला असे लक्षात आले, तर तोच फिरवून लावू नका, नवा घ्या. वीर्यपतन झाल्यावर लिंग ढिले पडण्यापूर्वी, निरोधची कडा बोटांनी धरून बाहेर या. मग गाठ मारून, कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका, संडासात नको.

खोबरेल तेल, व्हॅसलिन, तूप किंवा कोणतेही मलम निरोधबरोबर वापरू नये. तेलाने रबर काही मिनिटांतच कमकुवत होते आणि निरोध फाटतो. ओलावा कमी वाटत असेल तर मेडिकलमध्ये पाण्यावर आधारलेली जेली मिळते, ती चालते. दोन निरोध एकावर एक चढवल्याने संरक्षण दुप्पट होत नाही, उलट ते एकमेकांवर घासून फाटतात.

गोळ्या: दोन जाती, दोन वेगळे हिशेब

माला-एनच्या पाकिटात २८ गोळ्या असतात: २१ संप्रेरकांच्या आणि शेवटच्या ७ लोहाच्या. पाळी सुरू झाल्यापासून पाच दिवसांच्या आत पहिली गोळी घ्यायची, मग नवरा घरी असो की नसो, रोज एक, ठरलेल्या वेळी. जेवणानंतर किंवा देवाजवळ दिवा लावताना अशी एखादी न चुकणारी वेळ धरली तर विसर पडत नाही. पाकीट संपले की दुसऱ्याच दिवशी नवे सुरू होते. एक गोळी राहिली तर आठवताक्षणी घ्या आणि पुढची तिच्या वेळेला घ्या, मग एका दिवसात दोन झाल्या तरी चालेल. लागोपाठ दोन किंवा अधिक राहिल्या तर आठवताक्षणी एक घेऊन रोजच्या गोळ्या पुढे चालू ठेवा आणि सात दिवस निरोध वापरा. हे पाकिटाच्या तिसऱ्या आठवड्यात घडले असेल तर लोहाच्या गोळ्या सोडून थेट नवे पाकीट सुरू करा.

ही गोळी सर्वांसाठी नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला अंगावर पाजणाऱ्या, रक्तदाब वाढलेल्या, पायात किंवा फुफ्फुसात रक्ताची गुठळी झालेल्या, यकृताचा आजार किंवा स्तनाचा कर्करोग असलेल्या, डोळ्यांपुढे चमकून अर्धशिशी येणाऱ्या, तसेच पस्तिशीनंतर धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांनी ती घेऊ नये. क्षयाच्या उपचारातील रिफाम्पिसिन आणि फिटांवरची काही औषधे गोळीचा परिणाम कमी करतात, म्हणून चालू असलेले प्रत्येक औषध सिस्टरांना दाखवा. गोळ्या घेताना पोटरी सुजून दुखू लागली, छातीत दुखले, धाप लागली किंवा अचानक दिसेनासे झाले, तर तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठा.

छाया ही संप्रेरके नसलेली गोळी लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झाली आणि ती अंगावर पाजणाऱ्या मातांनाही चालते. तिचा हिशेब वारावर आहे. पाळीच्या पहिल्या दिवशी पहिली गोळी. तो वार रविवार असेल तर दुसरी बुधवारी, आणि असे रविवार-बुधवार तीन महिने. चौथ्या महिन्यापासून आठवड्याला एकच, त्याच पहिल्या वारी. आपल्या गावच्या बाजाराच्या वाराशी सांगड घातली तर लक्षात ठेवणे सोपे जाते. सुरुवातीच्या काही महिन्यांत पाळी लांबू शकते. पंधरा दिवसांहून जास्त लांबली तर गरोदरपणाची तपासणी करून घ्यावी. गोळी चुकून सात दिवस झाले नसतील तर लगेच घ्या आणि पुढची पाळी येईपर्यंत निरोध वापरा. सात दिवस उलटून गेले असतील तर पुन्हा पहिल्यापासून, आठवड्याला दोन, असे सुरू करावे लागते. अंडाशयात गाठी असलेल्या किंवा नुकतीच कावीळ झालेल्या स्त्रियांसाठी ही गोळी योग्य नाही.

इंजेक्शन, तांबी, नसबंदी

अंतराचे इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यायचे असते. ठरलेल्या तारखेच्या दोन आठवडे आधी किंवा चार आठवडे नंतरही ते घेता येते, आणि ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या बायकांनी ही सवलत नीट लक्षात ठेवावी: टोळी निघण्यापूर्वी कार्डवरची तारीख पाहा आणि ती मुक्कामाच्या काळात येत असेल तर कार्ड बरोबर न्या. टोचलेल्या जागी चोळू नये, शेकू नये. पाळी अनियमित होते आणि पुढे थांबतेही. घाण रक्त अंगात साचते ही भीती निराधार आहे. मात्र शेवटच्या इंजेक्शननंतर पुन्हा दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात, म्हणून वर्षभरात मूल हवे असेल तर हे साधन निवडू नका.

तांबीचे दोन प्रकार सरकारी दवाखान्यात मिळतात, एक दहा वर्षे चालणारी आणि दुसरी पाच वर्षे. हवे तेव्हा काढता येते आणि काढल्यावर लगेच दिवस राहू शकतात. बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत बसवता येते, नाहीतर सहा आठवडे थांबावे लागते. पहिले तीन ते सहा महिने पाळीत रक्तस्राव आणि कळा वाढतात हे आधीच माहीत असले म्हणजे बाई घाबरून ती काढायला येत नाही. अंगावरून पुवासारखे जात असेल किंवा ओटीपोटात दुखत असेल, तर आधी त्या आजारावर उपचार आणि मगच तांबी.

नसबंदीचा भार आपल्या घरांत जवळजवळ नेहमीच बाईवर पडतो, याचे मला वाईट वाटते, कारण पुरुषाची बिनटाक्याची शस्त्रक्रिया अधिक सोपी आणि कमी जोखमीची आहे. पोट उघडावे लागत नाही, भूल तेवढ्या जागेपुरती देतात आणि माणूस त्याच दिवशी घरी जातो. तिने ताकद जात नाही, शरीरसुख कमी होत नाही, वीर्यपतनही पूर्वीसारखेच होते. लक्षात ठेवायची गोष्ट एवढीच की शस्त्रक्रियेनंतर तीन महिने निरोध वापरावा लागतो आणि त्यानंतर वीर्य तपासून शुक्राणू उरले नाहीत याची खात्री करून घ्यावी लागते. ही तपासणी टाळल्यामुळे दिवस राहिले आणि संशय बायकोवर गेला, अशी घरे मी पाहिली आहेत. नसबंदी, पुरुषाची असो वा स्त्रीची, कायमची समजूनच करावी.

निरोध फाटला, गोळी राहिली, तर

तातडीची गोळी संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यायची असते आणि जितकी लवकर घ्याल तितकी ती उपयोगी. गोळी घेतल्यावर दोन तासांच्या आत उलटी झाली तर पुन्हा एक घ्यावी लागते. पाच दिवसांच्या आत तांबी बसवली तर ती या गोळीपेक्षाही खात्रीशीर ठरते आणि पुढची काही वर्षे कामी येते. तातडीची गोळी गर्भपात करत नाही. आधीच दिवस राहिले असतील तर तिचा उपयोग नाही. दर आठवड्याला घेण्याचे हे औषध नव्हे, कारण नेहमीच्या साधनांपेक्षा ते कमी भरवशाचे आहे.

तरीही दिवस राहिले तर मेडिकलमधून गर्भपाताच्या गोळ्या परस्पर आणू नका. गर्भ गर्भाशयाऐवजी गर्भनलिकेत असेल तर त्या गोळ्यांनी तो पडत नाही आणि नळी फुटून जीव जाऊ शकतो. १९७१ चा कायदा आणि त्याची २०२१ ची दुरुस्ती यांनुसार साधन अयशस्वी ठरल्याच्या कारणावरून २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांच्या मताने गर्भपात करून घेता येतो, मग स्त्री विवाहित असो वा अविवाहित. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी असते, नवऱ्याची सही कायद्याने लागत नाही, आणि तिचे नाव गुप्त ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

आजार ओळखणे आणि तपासणी

लघवीला जळजळ, लिंगातून किंवा योनीतून पू अथवा दुर्गंधीयुक्त स्राव, गुप्तांगावर फोड किंवा जखम, जांघेत गाठ, संबंधाच्या वेळी ओटीपोटात दुखणे, ही लक्षणे दिसली तर तपासणी करून घ्या. अंगावरून पांढरे जाणे प्रत्येक वेळी संबंधातून लागलेला आजार नसते. खाज आणि दह्यासारखा स्राव बुरशीमुळेही होतो, म्हणून केवळ तेवढ्यावरून घरात कुणी कुणावर संशय घेऊ नये. याच्या उलटही खरे आहे: परमा आणि क्लॅमिडिया या आजारांत पुष्कळ स्त्रियांना काहीच जाणवत नाही आणि आत मात्र गर्भनलिका खराब होत राहतात, त्यातून पुढे वंध्यत्व येते. गरमीची (सिफिलिसची) जखम दुखत नाही आणि औषध न घेता आपोआप भरून येते. आजार तसाच अंगात राहतो, काही आठवड्यांनी अंगावर पुरळ उठते, तेही जाते, आणि कित्येक वर्षांनी मेंदूला आणि हृदयाला इजा होते. सुरुवातीला निदान झाले तर पेनिसिलिनचे एकच इंजेक्शन पुरते. भिंतींवर जाहिराती लावून लॉजमध्ये ‘गुप्तरोग’ बरे करणाऱ्यांकडे पैसे आणि महिने घालवलेली माणसे शेवटी सरकारी दवाखान्यातच येतात.

सरकारी दवाखान्यात लक्षणांच्या गटानुसार वेगवेगळ्या रंगांच्या पाकिटांतून औषधे देतात. शेजाऱ्याला पांढऱ्या पाकिटाने बरे वाटले म्हणून तेच आपल्याला लागू पडेल असे नाही. औषध दोघांनीही घ्यायचे, लक्षणे एकालाच असली तरी, आणि उपचार पूर्ण होऊन किमान सात दिवस जाईपर्यंत संबंध टाळायचा. एकानेच औषध घेतले तर आजार पुन्हा परत येतो.

काही आजार लसीने टळतात. कावीळ ब (हिपॅटायटिस बी) ची लस मोठ्यांनाही घेता येते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण होणाऱ्या एचपीव्ही विषाणूवरची लस नऊ ते चौदा या वयात सर्वांत परिणामकारक ठरते.

गरोदर असाल तर तायी कार्ड (गरोदर मातेचे नोंदकार्ड) काढताना पहिल्याच भेटीत एचआयव्ही, गरमी आणि कावीळ ब या तिन्ही तपासण्या झाल्या आहेत ना, हे कार्ड उघडून पाहा. आई वेळेत औषधांवर असेल तर बाळाला एचआयव्ही होण्याची शक्यता पाच टक्क्यांच्याही खाली आणता येते, आणि कावीळ ब असलेल्या आईच्या बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत लस टोचावी लागते.

एचआयव्हीची शंका असेल तर

असुरक्षित संबंध किंवा बलात्कार घडला असेल आणि ७२ तास उलटले नसतील, तर थेट मोठ्या सरकारी दवाखान्याच्या तातडीच्या विभागात जा. तिथे २८ दिवसांचे प्रतिबंधक औषध सुरू करता येते, आणि त्यात प्रत्येक तास मोलाचा असतो. नंतर लगेच केलेली रक्ततपासणी ‘निगेटिव्ह’ आली तरी तीन महिन्यांनी पुन्हा करावी लागते, कारण सुरुवातीच्या काळात लागण रक्तात दिसून येत नाही. १०९७ या मोफत क्रमांकावर नाव न सांगता शंका विचारता येतात.

तपासणीसाठी संमती लागते, आणि निकाल तुमच्या परवानगीशिवाय दुसऱ्या कुणाला सांगणे, कायद्यातले मोजके अपवाद सोडून, २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने मना आहे. ओळखीचे कुणी भेटेल या भीतीने निपाणीची माणसे कोल्हापूरला आणि खानापूरची गोव्याला तपासायला जातात. जा, हरकत नाही. तपासणी झाली हे महत्त्वाचे. मात्र लागण निघाली तर औषध जन्मभर रोज घ्यायचे असते, म्हणून पुढचे केंद्र असे निवडा की दर वेळी मजुरी बुडवून लांबचा प्रवास करावा लागणार नाही. रोज औषध घेऊन रक्तातला विषाणू मोजण्यापलीकडे कमी झाला आणि तसाच राहिला, तर जोडीदाराला संबंधातून लागण होत नाही. महाराष्ट्रात नोंद असेल आणि घर कर्नाटकात असेल, किंवा कामासाठी हद्द ओलांडून राहायला जाणार असाल, तर औषध बंद न करता आधीच्या केंद्राकडून बदलीचे पत्र घ्या, आपले उपचारपुस्तक बरोबर ठेवा आणि हातातला साठा संपण्याच्या निदान आठवडाभर आधी नव्या केंद्रात हजर व्हा.